अस्वस्थ मन

नागपुराकडील खेड्यांत कोणी म्हणतो, "जीव बेचैन आहे", कोणी म्हणतो, "करमत नाहीं", शिकलेला मनुष्य म्हणतो, "अस्वस्थ वाटतें." या तिसऱ्या शब्दाचा आज विचार करूं. स्व म्हणजे आपण, स्थ म्हणजे असणारा. जो आपल्या ठिकाणीं आहे तो स्वस्थ. जो ठिकाणावरून ढळला तो अस्वस्थ. म्हणून तापानें तळमळणाऱ्या देहास आणि पापानें टोंचलेल्या मनास हा एकच शब्द लागतो. परंतु औषध एक नव्हे. देह अस्वस्थ असल्यास दवाखान्याची वाट धरावी. मन अस्वस्थ असल्यास पित्याची.

मराठींत "स्वस्थ बसणें" म्हणजे शांत असणें, तसेंच कांहींच न करणें. आम्हांस वाटतें, येथेंच पुष्कळ जण फसतात. मन टोंचूं लागलें कीं तें निजवितात आणि त्या झोंपेस शांति म्हणतात. फेलिक्स सुभेदाराचें असेंच झालें (प्रे. कृ. २४). पौल नीतिमत्त्व, संयमन व पुढील न्याय यांविषयीं बोलूं लागतांच तो भ्याला. पण सवड झाली म्हणजे बोलावूं, असें म्हणून त्यानें ती भीति दूर लोटली. पुढें त्यानें पौलास वारंवार बोलाविलें, तें लाचेच्या आशेनें. दोन वर्षें गेलीं. पौल बंधनांतच राहिला, आणि सुभेदाराचें मनही.

उधळ्या पुत्राचें तसें नाहीं (लूक १५). तो शुद्धीवर आला असें आपण वाचतों. मूळ ग्रीक शब्दांचा भाव, तो आपणांपाशीं आला, असा आहे. म्हणजे तो स्वस्थ झाला, पण स्वस्थ बसला नाहीं. उठून बापाकडे निघाला.

आपल्या नागपुराकडचेंही एक उदाहरण आहे. कवि नारायण वामन टिळक १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां एका सहप्रवाशानें त्यांस नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन हालविलें. तें मन त्यांनीं निजविलें नाहीं. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्यासाठीं आप्तांचा व पत्नी लक्ष्मीबाई यांचा कांहीं वर्षें वियोग सोसला.

त्याच प्रवचनांत प्रभूची एक आज्ञा आहे: वेदीपाशीं दान आणलें असतां, भावाच्या मनांत आपल्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर दान तेथेंच ठेवून आधीं समेट करावा (मत्तय ५). आपल्यांत कोणाचा धुऱ्यावरून सख्ख्या भावाशीं अबोला आहे. कोणी उसनें धान्य परत केलेलें नाहीं. प्रभुभोजनाच्या भाकरीकडे हात जातांना आंत कांहीं तरी टोंचतें. आम्ही विनवितों, त्या टोंचणीस शत्रु समजूं नका. ती पित्याची हांक आहे. येत्या रविवारच्या आधीं धुरा ओलांडून भावाच्या दारीं जा. तो बोलो अथवा न बोलो, तुम्ही जा. मग मंदिरांत येऊन प्रभूपुढें स्वस्थ बसा.