राहून गेलेली बाटली

पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला एक गोष्ट वर्षानुवर्षे जाणवत राहते. माणसे केलेल्या गोष्टी सांगतात. न केलेल्या क्वचितच. मिस्साच्या आरंभी आपण विचार, शब्द व कृती यांच्याबरोबर कर्तव्यात केलेली कसूरही कबूल करतो खरे. परंतु हा शेवटचा शब्द जिभेवरून सर्वांत लवकर घसरतो. आमचीही गत याहून निराळी नव्हती. २०२४च्या जून महिन्यात एका अस्वलाने आम्हाला त्या शब्दापाशी थांबवले.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात राहतो. त्याच्या कुटुंबाबरोबर आम्ही योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री तंबूत काढल्या. सिएरा नेवाडा पर्वतातील ही दरी आहे. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे उभे कडे. त्यांतील एल कॅपिटान हा कडा दरीच्या तळापासून सुमारे ९०० मीटर उंच. मधून मर्सेड नदी वाहते. १८०६ साली स्पॅनिश सैनिकांच्या एका तुकडीने या नदीला दयेच्या मातेचे नाव दिले, हे कळल्यावर तिच्या काठी संध्याकाळची माळेची प्रार्थना करताना आम्हाला अगदी घरच्यासारखे वाटले.

तेथे प्रत्येक तंबूच्या जागेपाशी एक लोखंडी पेटी असते. खाण्याचे सर्व जिन्नस, इतकेच काय, साबण आणि टूथपेस्टसुद्धा, त्या पेटीत बंद करावे लागतात. रात्री गाडीत अन्न ठेवण्यास सक्त मनाई आहे. तेथील काळ्या अस्वलाचे नाक विलक्षण तीक्ष्ण. वासावरून ते गाडीची काच फोडते, दारही वाकवते. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली की त्याची भीड चेपते. दूर नेऊन सोडले तरी ते पुष्कळदा परत येते आणि अखेरीस काही अस्वलांना उद्यानाच्या लोकांनाच ठार मारावे लागते. ही चटक मुळात माणसानेच लावली. १९२०च्या दशकापासून १९४०पर्यंत याच दरीत प्रवाशांच्या करमणुकीसाठी अस्वलांना उष्टेखरकटे खाऊ घालण्याचे जाहीर कार्यक्रम होत असत! १९९८ साली अस्वलांनी केलेल्या नासधुशीचे दीड हजारांहून अधिक प्रसंग नोंदले गेले. पुढे पेट्या वाढल्या, नियम कडक झाले आणि ही संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली.

आम्ही गावाहून सुक्या बोंबलाच्या चटणीची बाटली नेली होती. ती आमच्या खांद्यावरच्या पिशवीत होती आणि पिशवी गाडीत. पुतण्याला वाटले, सामान सूनबाईने पाहिले असेल. सूनबाईला वाटले, पुतण्याने. आणि आम्हाला? आम्हाला काही वाटले नाही असे लिहिता आले असते तर हा लेख लिहावाच लागला नसता. झोपण्याच्या पिशवीत शिरल्यावर आम्हाला त्या बाटलीची आठवण झाली होती. बाहेर थंडी होती. झाकण घट्ट आहे, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली आणि कूस बदलली.

पहाटे काच फुटल्याचा आवाज आला. आम्ही बाहेर आलो तेव्हा अस्वल झाडीत निघून गेले होते. बाटली दगडापाशी चाटूनपुसून रिकामी पडली होती. रेंजर आला. अस्वलाच्या कानाला खुणेचा बिल्ला होता का, असे त्याने विचारले. होता, असे धाकट्या नातीने सांगितले. तिने ते तंबूच्या जाळीतून पाहिले होते. रेंजरने मान हलवली आणि वहीत लिहून घेतले. बाटली कोणाची, या प्रश्नावर पुतण्या चटकन म्हणाला, “आमची.” आम्ही गप्प राहिलो. लेखणी हाती घेतली की आम्ही मंडळी स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. त्या सकाळी त्या शब्दाच्या आड उभे राहणे फार सोयीचे गेले.

सेमिनरीत आम्ही शिकलो की नकळत झालेली चूक वेगळी आणि ठाऊक असून केलेली हेळसांड वेगळी. संत थॉमस यांनी हेळसांडीचे मूळ इच्छाशक्तीच्या शैथिल्यात दाखवले आहे. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसानेही लाजरसला मारले नव्हते, हाकलले नव्हते. दाराशी पडलेल्याकडे त्याने पाहिले नाही, एवढेच. अपराध चौघांत वाटला म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाव येतो, असे आपल्याला वाटते. पण आठवण एकालाच झाली होती.

चोरी कबूल करणाऱ्याला आम्ही क्षमा देतो आणि चोरलेले परत कर असेही सांगतो. काचेचे पैसे आम्ही पुतण्याच्या हाती ठेवले. अस्वलाला काय परत करणार? त्याने पाप केलेले नाही. देवाने दिलेल्या नाकामागे ते गेले. घेतलेली वस्तू परत करता येते, लावलेली चटक काढून घेता येत नाही. लग्नघरी कौतुकाने पुतण्याभाच्याच्या हातात पहिला पेला देणारे काका-मामा आम्ही पाहिले आहेत. त्यांतील काही भाच्यांच्या दफनविधीलाही आम्ही उभे राहिलो आहोत.

त्याच दिवशी व्हर्नल धबधब्याकडे निघालो. सुमारे ९७ मीटरचा तो धबधबा, आणि त्याच्या तुषारांनी भिजलेल्या सहाशेहून अधिक दगडी पायऱ्या. वर पोहोचल्यावर सगळे ओलेचिंब होऊन उन्हात बसलो असताना आम्ही घडले ते सांगितले. पुतण्या म्हणाला, “फादरकाका, मीही पिशवी पाहिली होती.” सूनबाई काही बोलली नाही. नातीने विचारले, “फादर आजोबा, त्या अस्वलाला आता मारतील?” आम्ही म्हटले, “ठाऊक नाही, बाळ.” आजही ठाऊक नाही.

त्या रात्री दोनच्या सुमारास आम्ही टॉर्च घेऊन पेटीची कडी पाहायला उठलो. तेथे सूनबाई आधीच उभी होती.