धुराशिवाय चूल पेटत नाही

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २८ आणि ४८

अठ्ठाविसाव्या श्लोकात भगवंत तामस कर्त्याची लक्षणं सांगतात. त्यातली शेवटची तीन बघा : आळशी, विषादी आणि दीर्घसूत्री. दीर्घसूत्री म्हणजे आजचं काम उद्यावर, उद्याचं परवावर ढकलणारा. अशा माणसाला आपण सरसकट आळशी म्हणून मोकळे होतो. पण गीतेनं आळस वेगळा मोजला आहे, आणि दीर्घसूत्रीच्या शेजारी बसवला आहे तो विषादी, म्हणजे मनानं खचलेला, चिंतेत बुडालेला. हा शेजार विचार करण्यासारखा आहे.

कारण कित्येकदा काम काळजीमुळेच अडतं. ओळखीच्या घरात कुणी गेलं. भेटायला जायचं असतं, निदान फोन तरी करायचा असतो. पण "नेमकं काय बोलायचं? भलताच शब्द तोंडून गेला तर?" म्हणून आज राहतं, उद्या राहतं. तेरावं होऊन जातं. मग नवी काळजी : "आता इतक्या उशिरा कोणत्या तोंडानं जाऊ?" योग्य शब्दाची वाट बघता बघता दुःखातलं माणूस एकटंच राहिलं. आपल्याला काळजी होती ती आपण कसे दिसू याची. फळाची आसक्ती अशीही असते. 'सगळं अचूकच व्हायला हवं' हा हट्ट वरून सद्गुणासारखा दिसतो, म्हणून ती चटकन ओळखू येत नाही.

बरोबर वीस श्लोक पुढे भगवंत यावर औषध देतात. वाट्याला आलेलं कर्म सदोष असलं तरी सोडू नये. अग्नी जसा धुरानं, तसा प्रत्येक आरंभ दोषानं वेढलेला असतोच. ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आधी धूर, डोळ्यांत पाणी, मग जाळ. धूर नको म्हणून जो काडीच ओढत नाही, त्याच्या घरी स्वयंपाक होत नाही.

म्हणून काम कसंही उरकावं असं नाही. फुंकणी असतेच की! पण फुंकर घालायला आधी ठिणगी तरी हवी.

तेव्हा आज एकच करू या. राहून गेलेला तो एक फोन लावू या. "काय बोलू कळत नाही, पण तुमची आठवण येत होती," एवढं पुरे. शब्द अडखळले तर तो धूर समजू या. बाकीचं त्याच्यावर सोपवू या.

जय जय राम कृष्ण हरी.