दोष नेमका कुणाच्या ठायी?

रॅमच्या दोन पट्ट्या एकेकट्या बसवल्या की मेमटेस्ट८६ या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामची चाचणी रात्रभर बिनचूक पार पाडतात. एकत्र बसवल्या की संगणक मध्येच बंद पडतो. मग बिघाड कशात मानायचा?

वैशेषिक दर्शनात या प्रश्नाला फार जुनी जागा आहे. तिथे संयोग हा गुण मानला आहे आणि तो एकट्या द्रव्यात राहत नाही, जोडल्या गेलेल्या दोन्ही द्रव्यांत मिळून राहतो. रॅमचा वेगही असाच. ३२०० छापलेली डीडीआर४ रॅम पहिल्यांदा बसवली की अनेकदा २१३३ किंवा २६६६ वरच चालते. छापील वेग बायोसमध्ये एक्सएमपी ही वेगाची तयार सेटिंग चालू केल्यावर मिळतो, तोही प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला आणि मदरबोर्डला झेपला तर. (३२०० ऐवजी १६०० दिसले तर घाबरू नये, डीडीआर प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते.) शेजारी २४०० ची रॅम असली की सहसा दोघी तिच्याच चालीने जातात. म्हणजे ३२०० हा त्या एकट्या पट्टीचा स्वभाव नव्हेच.

दोष शोधण्याची रीत मात्र न्याय दर्शनाच्या नैयायिकांकडून घ्यावी: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असताना कार्य घडते का, कारण काढल्यावर थांबते का?

इथे घाई हा खरा अन्याय ठरतो. न तपासता ‘रॅम खराब’ म्हणून निर्दोष वस्तू कचऱ्यात जाते. आधी एकच रॅम ठेवावी, मग स्लॉट बदलावा, मग एक्सएमपी बंद करावे. एका वेळी एकच बदल. एक्सएमपी बंद करताच त्रास थांबला, तर ते पुन्हा चालू करून वेग ३००० वर आणावा आणि चाचणी पुन्हा लावावी.