जुन्यावर नवं चिकटत नाही

भावाभावांत बांधावरून तुटलं की गावातली चार जाणती माणसं जमतात आणि म्हणतात, "झालं गेलं गंगेला मिळालं. मिळवा हात." हात मिळवले जातात, चहा होतो. पुढच्या पेरणीला त्याच बांधावर पुन्हा कुऱ्हाडी निघतात. मग प्रश्न पडतो, समेट करताना जुनं उकरावं का झाकावं?

याचं उत्तर मला छत्रपती संभाजीनगरात, लेकाच्या घरी, माशांच्या काचपेटीपाशी मिळालं. पेटी जुनी, आतल्या कोपऱ्यातून गळायची. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. काठोकाठ भरली की 56 लीटर, म्हणजे 56 किलोंचं ओझं. याच शहराला मलिक अंबरानं 17व्या शतकात नहरीनं पाणी आणलं. नहर असो का पेटी, पाणी आधी कच्चा सांधा हुडकतं.

लेक म्हणाला, "वरून सिलिकॉनचा एक हात मारू." पण वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. वर गुळगुळीत दिसतं अन् खालून पाणी वाट काढतं. म्हणून मासे पेटीतल्याच पाण्यासकट बादलीत काढले, हवेचा पंप लावला. कोपऱ्यांतलं जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडलं, काच स्पिरिटनं पुसली. न्हाणीघरासाठीचं, बुरशीचं औषध मिसळलेलं सिलिकॉन घेतलं नाही. माशांना ते विषच.

मात्र दोन काचांच्या मधे जो पातळ थर असतो, त्याला ब्लेड लावायचं नाही. पेटी उभी असते ती त्याच्यावर.

मला वाटतं, समेटाचंही असंच आहे. बांध कुणी किती कोरला, हे मोजणी करून, दगड रोवून, तोंडावर बोलून साफ करावंच. दुखलं तरी. पण आईचा जीव कुणावर जास्त होता, कुणाच्या लग्नाला कोण आलं नाही, तिथं हात घालू नये. तिथं नातं धरून आहे.

आणि घाई नको. नव्या सिलिकॉनला आंबूस वास येतो. तो पुरता जाईस्तोवर आम्ही पेटीत पाणी भरलं नाही. पंच मात्र कागदावर सही झाली की लगेच एका ताटात जेवायला बसवतात.

तोवर मासे बादलीत होते. गळती त्यांनी केली नव्हती. भावकीच्या भांडणात घरातल्या लेकरांचंही तसंच असतं. चुलतभावाशी बोलायचं नाही म्हणून ती शाळेच्या वाटेवर मुकी चालतात. निदान त्यांच्यासाठी तरी थोरांनी वरवरचा हात मारू नये.