पोरांना सगळं कळतं

बाप दारात पोचण्याआधीच पोराला कळलेलं असतं, आजची रात्र कशी जाणार. जिन्यावरची पावलं, चपला काढायला लागलेला वेळ, कडी सापडत नाही म्हणून चाललेली खुडबुड, एवढ्यावरून तो अंदाज बांधतो. मग वही मिटतो, धाकट्या बहिणीला आतल्या खोलीत नेतो आणि आईच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे कुणी शिकवलेलं नसतं. 'घरातलं बाहेर बोलायचं नाही' हे मात्र नीट शिकवलेलं असतं.

हाच मुलगा पुढे पस्तिशीत व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशकासमोर बसतो. "आमचे वडील प्यायचे. त्यांच्यासारखा होणार नाही अशी आईच्या गळ्याची शपथ घेतली होती मी," असं सांगतो. बाहेर बाकावर बसलेली काकामंडळी मात्र निकाल देऊन मोकळी झालेली असतात: रक्तातच आहे त्यांच्या.

ते अर्धंच खरं आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनाच्या जोखमीत साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा धरला जातो. उरलेल्या निम्म्याचं काय? अमेरिकेतले व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा या डॉक्टरांनी 1998 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड, घरातलं व्यसन असे चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारू, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असं काहीच न सोसलेल्यांच्या 4 ते 12 पट आढळला. आघाताच्या खुणा जनुकांच्या कामकाजावर उमटून पुढच्या पिढीत उतरतात का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण त्या निकालाची वाट बघायची गरज नाही. ज्याला लहानपणी कुणी जवळ घेतलं नाही, त्याला रडणाऱ्या पोराला कसं जवळ घ्यायचं ते उमगत नाही. त्याच्या आतली कालवाकालव थांबवणारं पहिलं औषध बाटलीतच सापडलेलं असतं. दुखणं एका पिढीतून दुसरीत जायला एवढं पुरतं.

हेच एका अख्ख्या गावाच्या बाबतीत घडलं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एस्केटेम्क नावाच्या आदिवासी समाजाचं एक गाव आहे. नकाशावर त्याचं नाव अल्कली लेक. तिथल्या मुलांना आईबापांपासून तोडून विल्यम्स लेकजवळच्या सेंट जोसेफ मिशनच्या निवासी शाळेत ठेवलं जाई. स्वतःची भाषा बोललं की मार. देशभरात अशा शाळांतून सुमारे दीड लाख मुलं गेली. 1902 च्या फेब्रुवारीत अल्कली लेकचा डंकन स्टिक्स नावाचा आठेक वर्षांचा मुलगा या शाळेतून पळाला आणि बर्फात गारठून मेला. चौकशी झाली. त्याचा बाप साक्षीला उभा राहिला. शाळेतल्या मुलांनीही सांगितलं, जेवण खराब असतं, मारतात. मुलांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं सरकारच्या कागदावर आलं, आणि शाळा चालूच राहिली. ती बंद झाली 1981 मध्ये.

एवढ्या वर्षांत किती पिढ्या तिथून बाहेर पडल्या! आईबाप कसं व्हायचं हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. 1970 च्या सुमारास गावातली जवळजवळ सगळी मोठी माणसं दारूत बुडाली होती. फिलिस आणि अँडी चेल्सी हे जोडपंही त्यांतलंच, त्याच शाळेत वाढलेलं. 1972 मध्ये एका दिवशी फिलिस मुलांना आजीकडून आणायला गेली, तर सात वर्षांच्या मुलीने घरी यायला नकार दिला. 'तुम्ही दोघं दारू पिता, मी येणार नाही.' फिलिसने त्यानंतर दारू सोडली. थोड्याच दिवसांत अँडीनेही.

मला या गोष्टीत सगळ्यात मोठी वाटते ती त्या आईची कृती. आपल्याकडच्या किती घरांत त्या पोरीला थोबाडीत बसली असती! 'मोठ्यांना उलट बोलतेस?' म्हणून ओढत घरी नेली असती. फिलिसने लेकीचं म्हणणं खरं मानलं. शाळेच्या चौकशीत लहान मुलांचा शब्द कवडीमोल ठरला होता. या बाईच्या घरात तो मोलाचा ठरला.

पुढचं काम सोपं नव्हतं. बराच काळ अख्ख्या गावात न पिणारे दोघंच. अँडी गावाचा प्रमुख झाला, चोरट्या दारूविक्रीवर पोलिसांच्या मदतीने टाच आणली गेली, सरकारी मदतीची रोकड दारूत जाऊ नये म्हणून किराण्याची कुपनं देणं सुरू झालं. कुणी उपचाराला गेलं की गाव त्याची मुलं सांभाळी, घराची डागडुजी करून ठेवी. दहा-पंधरा वर्षांत बहुतेक गाव दारूमुक्त झालं. आणि दारू उतरल्यावर तिच्याखाली दडपलेलं वर आलं: त्या शाळेत आपल्याबरोबर काय काय झालं होतं ते. लोक आता ते शुद्धीवर राहून एकमेकांना सांगू लागले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी या निवासी शाळांबद्दल संसदेत माफी मागितली ती 11 जून 2008 रोजी, म्हणजे फिलिसने ग्लास खाली ठेवल्यानंतर छत्तीस वर्षांनी.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सगळं आजोबांच्या माथी मारलं तर पिणारा सुटलाच की! हा आक्षेप मला रास्त वाटतो. कारण सापडलं म्हणून कुणी मोकळा सुटत नाही. ज्याच्यावर लहानपणी हात उचलला गेला, त्याचा त्यात काडीचा दोष नाही. त्याने आज पोरावर हात उचलला तर दोष पूर्ण त्याचा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असतात आणि त्याच्यासमोर दोन्ही बोलाव्या लागतात. पहिलीच बोललो तर त्याला सबब मिळते. दुसरीच बोललो तर तो शरमेने पुन्हा गुत्त्याकडे वळतो. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत आठवी आणि नववी आहे ती आपण दुखावलेल्या माणसांची यादी करून त्यांची भरपाई करण्याची. माझ्या मते त्या यादीत पहिली नावं मुलांची असावीत.

आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे. 'प्यायले नाहीत तर माणूस देवासारखा आहे हो,' हे वाक्य आपल्या बायका वर्षानुवर्षं बोलत आल्या आहेत. नवऱ्याचा डबा भरताना, त्याच्या साहेबाला फोन करून 'ताप आलाय' सांगताना त्यांचं स्वतःचं आयुष्य कुठल्या कुठे राहून जातं. त्यांना बोलायला हक्काची जागा मिळणं हाही उपचारच आहे. मुलांसाठी मात्र आपल्याकडे अशा जागा फारच थोड्या आहेत. शिक्षकांना, शेजाऱ्यांना, मामा-मावशीला हे काम करता येईल. त्याला पदवी लागत नाही.

तुमच्या नात्यात, वर्गात, जिन्यात असं एखादं मूल असेल. त्याच्यापाशी बसा. 'बाबांना बरं नाहीये' असली थाप मारू नका, ते मूल तुमच्याहून जास्त जाणतं. त्याला बोलू द्या, मध्येच तोडू नका, आणि एवढं नक्की सांगा: हे तुझ्यामुळे होत नाहीये, आणि हे थांबवणं तुझं काम नाही.