‘फाइन’ म्हणण्याचं पाप

आमच्या पार्से गावात वाटेत कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: “खंय चल्लो?” उत्तरही ठरलेलं: “हांगाच.” माणूस म्हापशाच्या इस्पितळात निघालेला असो की सोयरीक मोडायला, तो “हांगाच” असतो. विचारणाराही पुढं खोदत नाही. दोघांचं समाधान होतं आणि वाट मोकळी होते. याला खोटं बोलणं म्हणतात, असं मला कुणी कधी सांगितलेलं नाही.

शेजारची मुलगी मोरजीला एका हॉटेलात काउंटरवर काम करते. लहानपणी शाळेत माझ्याच हाताखाली शिकली. वडील गेले, तेराव्यानंतर ती कामावर हजर झाली आणि पहिल्याच पाहुण्यानं हसून विचारलं, “हाउ आर यू टुडे?” तोंडातून आपोआप निघालं, “आय ॲम फाइन, थँक यू. अँड यू?” ट्रेनिंगमध्ये तेच घोटून घेतलेलं. मागून तिला स्वतःचीच चीड आली. भगवतीच्या देवळात भजन संपल्यावर मला गाठून म्हणाली, “मास्तर, बाबा गेल्याक पंदरा दीस जांवक ना, आनी हांव हांसून ‘फाइन’ म्हणटां. हें पाप न्हय?” टाळ वाजवणाऱ्या माणसाला पापपुण्याचा हिशेब कळतो, असा आमच्याकडे समज आहे.

मला आधी कर्णपर्वातला कौशिक आठवला. सत्य बोलण्याचं व्रत घेतलेला हा तपस्वी. दरोडेखोरांनी विचारलं तेव्हा जीव वाचवायला रानात शिरलेली माणसं कुठं लपलीत ते त्यानं खरं सांगितलं. माणसं मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. कृष्णानं अर्जुनाला ही गोष्ट सांगितली ती सत्याचं व्रत आंधळेपणानं पाळू नये म्हणून. पण ती इथं लागू पडेना. काउंटरवर खरं सांगून कुणाचा जीव जाणार नव्हता. फार तर त्या पाहुण्याचा नाश्ता बेचव झाला असता.

प्रश्न निराळाच होता. त्या पाहुण्यानं तिची विचारपूस केलीच नव्हती, त्यानं तिचं बरं चिंतलं होतं. खोट्याला कुणीतरी फसावं लागतं. तिथं तो फसला नाही, हीही फसवायला बसली नव्हती. आमचं “हांगाच” आणि तिचं “फाइन” यांत मला काडीचा फरक दिसत नाही. मात्र रात्री आईनं जवळ बसून “बरी आसा मगो?” म्हणून विचारलं आणि तिथंही ती “फाइन” म्हणाली, तर ते खोटं. आई उत्तरासाठी विचारते.

“मग म्हणायचंच कशाला? नुसतं हसलं तर?” तिचा पुढचा प्रश्न. पोरगी हुशार, वर्गातही अशीच अडवायची.

म्हणायचं, कारण नमस्काराचं उत्तर देणं हे आपल्याकडे कर्तव्यच मानलंय. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलंय की ज्याला प्रत्यभिवादन कळत नाही त्याला विद्वानानं अभिवादनच करू नये. मात्र लगेच पुढं मनू कोणाला काय विचारावं तेही वाटून देतो: ब्राह्मणाला कुशल, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम, शूद्राला आरोग्य. पाणिनीचं एक सूत्र तर याहून बारीक. नमस्काराला उत्तर देताना समोरच्याच्या नावाचा शेवटचा स्वर लांबवावा, पण तो शूद्र असेल तर लांबवू नये. एका स्वराचीसुद्धा उधळपट्टी नको!

वारीत हे सुटलं. दोघेही “माउली” म्हणत एकमेकांच्या पायांवर वाकतात, आधी कोण वाकला हे कुणी मोजत नाही. अर्थात तिथंही सगळं सुटलं असं म्हणवत नाही. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच आहे, आणि त्यांच्या अभंगातला जोहार हा खालच्यानं वरच्याला घालायचा.

इंग्रजी “गुड मॉर्निंग” मला याच कारणासाठी आवडतं. साहेबानं शिपायाला म्हटलं तर शिपाई तेच्या तेच शब्द परत करतो. स्वर लांबवायचा नाही, जात विचारायची नाही. ते शब्द ज्यांनी या देशात आणले ते समतेचे पुतळे नव्हते, पण शब्दांनी त्यांचा गर्व उचलला नाही. पोर्तुगीज अमदानीत माझे आजोबा कचेरीच्या दारात चपला काढून “बों दिय” म्हणायचे. आतून उत्तर आलं तर आलं. 1961 नंतर ती कचेरी आपली झाली, उत्तर न देण्याची सवय मात्र काहींनी वारसाहक्कानं ठेवून घेतली.

म्हणून त्या मुलीला मी सांगितलं, तुझ्या “फाइन”मध्ये पाप नाही. पाप शोधायचंच असेल तर आमच्या तिठ्यावर ये. जानेवारी 2023 मध्ये मोपाच्या विमानतळावरून विमानं सुरू झाली तशी बांधकामं वाढली, आणि विजापूरकडचे गवंडी, बिहारचे सुतार गावात दिसू लागले. स्कूटरवरून जाणाऱ्या परदेशी माणसानं “हॅलो” म्हटलं की आमची शेंबडी पोरंसुद्धा हात हलवून “हॅलो, हाउ आर यू” करतात. तोच गवंडी चहाच्या गाड्यावर “नमस्ते” म्हणाला की म्हातारेकोतारे पेपरात तोंड घालतात, आणि तो वळला की “घाटी” म्हणतात. सप्ताहात अख्खी रात्र “जय जय राम कृष्ण हरी” म्हणणारे हेच लोक. मीही त्याच बाकावर बसतो.

पाणिनीचा तो अपवाद आम्ही व्याकरण न शिकता पाळतोय. पार्सेकरांनो, उद्या गाड्यावर कुणी नमस्ते म्हटलं तर पेपर खाली ठेवून उत्तर द्या. मराठीत, कोंकणीत, मोडक्या हिंदीत, कशातही.