प्रवासाचा उद्देश

कोकणातील एका गावातून एका वडिलांचा प्रश्न आमच्याकडे आला आहे. मुलीचे लग्न इंग्लंडमधील मुलाशी ठरले आहे. मुलगा नात्यातला, तिथेच जन्मलेला, नमाज-रोजाचा पाबंद. मुलाकडच्यांचे म्हणणे असे की, मुलीला सहा महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर बोलावून घेऊ, तिथल्या मशिदीत निकाह लावू आणि मग तिथूनच पत्नी म्हणून व्हिसाचा अर्ज करू. भारतातून अर्ज केला तर वेळ फार जातो आणि ताटातूट सोसावी लागते. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचा उद्देश विचारलेला असतो. तिथे ‘नातेवाइकांची भेट’ असे लिहावे, अशी सूचना आहे. वडील लिहितात, ‘मुलगा नात्यातलाच आहे, तेव्हा हे शब्द खोटे नाहीत. असे लिहिल्याने गुनाह होतो का?’

रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील मुस्लिम घराण्यांना समुद्रापारची सोयरीक नवी नाही. कोणी आगबोटींवर खलाशी म्हणून गेले, कोणी केप टाउनला वसले, कोणी पुढे आखातात आणि ब्रिटनमध्ये स्थिरावले. त्यामुळे हा प्रश्न एका घरापुरता नाही. तो सहसा विचारला जात नाही, एवढेच. एजंटच्या सल्ल्यावर तो परस्पर निकालात निघतो. या वडिलांनी तो विचारला, हीच मुळात त्यांच्या ईमानाची साक्ष आहे.

वाचकहो, सहीह बुखारीची पहिली हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे: कर्मांचा आधार नीयत हाच आहे. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच हदीसमध्ये पुढे कोणते उदाहरण दिले, याकडे आपले लक्ष कमी जाते. ते उदाहरण स्थलांतराचे आहे, आणि त्यात विवाहाचाही उल्लेख आहे. ज्याची हिजरत अल्लाह आणि त्याच्या रसूलसाठी, त्याची हिजरत त्यांच्याचसाठी. आणि ज्याची एखाद्या स्त्रीशी निकाह करण्यासाठी, त्याची हिजरत त्याच गोष्टीसाठी गणली जाईल, असा तिचा आशय आहे. (उम्मे कैस नावाच्या स्त्रीसाठी हिजरत करणाऱ्या एका पुरुषाची कथा या हदीसला जोडून सांगितली जाते, मात्र ही हदीस त्याच प्रसंगी उद्गारली गेली याला आधार नाही, हे हाफिज इब्ने हजर यांनी स्पष्ट केले आहे.) निकाहसाठी देश सोडणे यात निषिद्ध काहीच नाही. प्रश्न एवढाच की, माणूस ज्यासाठी निघाला आहे ते त्याने नाकारावे काय?

‘शब्द खोटे नाहीत’ हा वडिलांचा मुद्दा प्रामाणिक आहे. फुकहांनी त्याची दखल घेतलेली आहे. बोलणाऱ्याच्या मनात एक अर्थ आणि ऐकणाऱ्याला भासावा दुसराच, अशा बोलण्याला तौरिया म्हणतात. आपल्या कोकणात ज्यांचा शब्द शाफई मसलकात प्रमाण मानला जातो, त्या इमाम नववी यांनी ‘अल-अज्कार’मध्ये याचा निवाडा केला आहे. काही शरई हित असेल किंवा खरी गरज असेल तर तौरियाला हरकत नाही. गरज नसेल तर तो मकरूह. आणि आपला नसलेला हक्क मिळवण्यासाठी वापरला तर हराम. त्यात सहीह मुस्लिममधील ती हदीस जोडून पाहावी, जिच्यानुसार शपथेचा अर्थ शपथ घेवविणारा जो समजतो तोच धरला जातो. व्हिसाच्या अर्जाखाली आपण लिहून देतो की, वरील माहिती खरी व पूर्ण आहे. विचारणारा अधिकारी ‘भेट’ याचा अर्थ भेट असाच घेणार, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असते. त्याने तसा अर्थ घ्यावा म्हणूनच तर तो शब्द निवडलेला आहे.

इथे कोणी म्हणेल की, परक्या सरकारच्या कागदावर लिहिलेल्या शब्दाला धर्मात एवढे महत्त्व कशाला? याचे उत्तर बद्रच्या वाटेवर मिळते. हजरत हुजैफा बिन यमान (रजि.) आणि त्यांचे वडील मदीनेकडे निघाले असता कुरैशांनी त्यांना अडवले. ‘तुम्ही मुहम्मदकडे चाललात ना?’ असे त्यांनी विचारले. आम्ही फक्त मदीनेला चाललो आहोत, असे उत्तर या दोघांनी दिले. कुरैशांनी त्यांच्याकडून वचन घेतले की, ते मदीनेला जातील, परंतु मुहम्मद (स.) यांच्या बाजूने लढणार नाहीत. बद्रमध्ये मुस्लिमांची संख्या तीनशेच्या थोडी वर, समोर सुमारे हजार. एकेक माणूस मोलाचा होता. वचनही शत्रूने अडवून घेतलेले. तरीही प्रेषितांनी (स.) त्या दोघांना लढाईतून परत पाठवले: आपण त्यांना दिलेला शब्द पाळू आणि त्यांच्याविरुद्ध मदत अल्लाहकडे मागू. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. सूरह माइदाची पहिली आयत करार पूर्ण करण्याचा आदेश देते. सूरह बनी इस्राईलची ३४ वी आयत दिलेल्या वचनाविषयी जाब विचारला जाईल असे बजावते. दोन्ही ठिकाणी, वचन कोणाला दिले यावरून सूट दिलेली नाही.

आजचा व्हिसा म्हणजे फिकहच्या परिभाषेत अमान, परक्या भूमीत प्रवेशाची आणि सुरक्षिततेची हमी. इमाम मुहम्मद शैबानी (मृत्यू १८९ हिजरी) यांच्या ‘अस्-सियरुल कबीर’ या ग्रंथावर इमाम सरख्सी यांनी लिहिलेल्या भाष्यात एक मसला आहे. काही मुस्लिम शत्रूच्या प्रदेशाच्या वेशीवर जाऊन ‘आम्ही व्यापारी आहोत’ असे सांगून आत शिरले, मनात मात्र हल्ल्याचा बेत होता. तर आता त्यांना तो बेत अमलात आणता येईल का? उत्तर आहे, नाही. वेशीवर जे सांगितले त्याच्याशी ते बांधले गेले, कारण प्रवेश त्या शब्दावर मिळाला आहे. युद्धाच्या परिस्थितीत ही भूमिका असेल, तर ज्या देशात आपली लेक नांदणार, जिथे तिची मुले शाळेत जाणार, त्या देशाशी ती किती अधिक लागू होते, याचा विचार आपणच करावा.

आता आक्षेपाची खरी बाजू. हे कायदे नेहमी न्याय्य असतात असे नाही, आणि तसे भासवणे आपल्याला शोभणार नाही. १९७९ च्या जानेवारीत, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक भारतीय शिक्षिका आपल्या वाग्दत्त वराशी विवाह करण्यासाठी उतरली. ती आधीच विवाहित असावी असा संशय घेऊन तिची कौमार्य चाचणी करण्यात आली. ती खरे बोलत होती. पुढे अनेक वर्षे तिथे असा नियम होता की, विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणे हा नाही, हे जोडप्यानेच सिद्ध करावे. तो १९९७ मध्ये रद्द झाला. माणसाच्या अंतरातील हेतू अल्लाहशिवाय कोण जाणतो? तरी तो कागदावर मागितला गेला आणि अनेक खऱ्या संसारांना नकार मिळाला. आज अडसर पैशाचा आहे. परदेशी जोडीदाराला बोलावण्यासाठी २०१२ पासून वार्षिक १८,६०० पौंड उत्पन्नाची अट होती, ती एप्रिल २०२४ मध्ये २९,००० पौंडांवर नेली गेली. गोदामात वा टॅक्सीवर राबणाऱ्या तरुणाला हा आकडा गाठणे किती कठीण आहे, हे वेगळे सांगायला नको.

शिवाय हजरत इब्राहीम (अ.) यांचा दाखला दिला जातो, आणि तो या विषयाला फार जवळचा आहे. एका जुलमी राजाच्या प्रदेशात शिरताना त्यांनी आपली पत्नी हजरत सारा यांच्याविषयी ‘ही माझी बहीण आहे’ असे सांगितले. श्रद्धेच्या नात्याने ते खरेही होते. म्हणजे तोही तौरिया, तोही परक्या भूमीच्या वेशीवर, आणि तोही विवाहाबद्दलच! परंतु तिथे पत्नीची अब्रू आणि जीव धोक्यात होता. आपल्या प्रश्नात काही महिन्यांचा विलंब आणि काही लाखांचा खर्च आहे. आणि आणखी एक गोष्ट. शफाअतच्या हदीसमध्ये येते की, कियामतच्या दिवशी लोक शिफारशीसाठी हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे जातील, तेव्हा ते आपली अशीच विधाने आठवून मागे सरतील. एवढ्या नाइलाजाने बोललेला शब्द अल्लाहच्या मित्राला त्या दिवशी जड वाटेल. आपण तो दाखला देऊन निर्धास्त व्हावे, हे काही बरे नव्हे. (पती-पत्नींमधील गोड बोलण्याला हदीसमध्ये सवलत आहे, तीही काहीजण इथे आणतात. ती सवलत घरातली आहे. व्हिसा अधिकारी त्या घरात बसलेला नाही.)

कायदा अन्यायी असेल तर त्याविरुद्ध उघडपणे बोलता येते, न्यायालयात जाता येते, अपील करता येते. १९९७ चा तो बदल उघडपणे लढणाऱ्यांमुळे झाला. लपून आत गेलेल्यांमुळे उलट संशयच वाढला आणि त्याची झळ खरे सांगणाऱ्यांना बसली.

मुलाकडच्यांची योजना प्रत्यक्षात कुठे नेते, तेही पाहू. साध्या व्हिजिट व्हिसावर ब्रिटनमध्ये विवाह करता येत नाही. विवाहासाठी येणाऱ्या पाहुण्यांचा वेगळा व्हिसा आहे, तो सहा महिन्यांचा. पण त्यावरही तिथेच राहून पत्नीचा व्हिसा मिळत नाही, परत येऊन अर्ज करावा लागतो. वाग्दत्त वधू-वरांसाठी आणखी एक व्हिसा आहे, त्यावर जाऊन सहा महिन्यांत विवाह केला तर तिथूनच पुढचा अर्ज करता येतो. म्हणजे ज्या दारासाठी खोटे बोलायचे, ते दार खरे सांगून उघडते. आणि खोटे सांगून शिरलेल्या दारातून पुढे वाट नाही. फसवणूक उघड झाली तर दहा वर्षांपर्यंत प्रवेश नाकारण्याची तरतूद आहे ती वेगळीच.

मशिदीतल्या निकाहचा भाग तर याहून गंभीर आहे. इंग्लंडमध्ये विवाहाची पूर्वसूचना निबंधकाकडे द्यावी लागते, किमान २८ दिवस थांबावे लागते, आणि विवाह कायद्याने मान्य केलेल्या जागी व रीतीने व्हावा लागतो. हे न करता केवळ निकाह झाला, तर अल्लाहपुढे तो निकाह आहे, परंतु तिथल्या कायद्यापुढे काहीच नाही. १९९८ मध्ये लंडनमधील एका उपाहारगृहात असाच एक निकाह झाला होता. नोंदणी नंतर करू असे ठरले आणि ती कधीच झाली नाही. २०२० मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला की, तो सोहळा कायद्याच्या दृष्टीने विवाहच नव्हे. असा निकाह मोडला तर पत्नीला घटस्फोटित स्त्रीचे आर्थिक हक्क मागता येत नाहीत. उलट, भारतात येथील कायद्यानुसार वैध झालेला निकाह इंग्लंडमध्ये सामान्यतः विवाह म्हणून मान्य होतो. आपल्या मोहल्ल्यात काझी साहेबांनी वडिलांच्या समोर लावलेला आणि १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली नोंदवलेला निकाह, हा तिथल्या दिवाणखान्यातल्या निकाहपेक्षा मुलीला अधिक संरक्षण देतो.

बेत मोठ्यांचा असतो, पण अर्जावर सही मुलीची असते. विमानतळावर खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाहून उत्तर तिलाच द्यावे लागते. उद्या काही चुकले तर फसवणुकीचा शिक्का तिच्या नावावर, तिच्या पासपोर्टवर बसतो. तिच्या सासऱ्यांच्या नव्हे. नोंद नसलेल्या निकाहमध्ये, परक्या देशात, मुदत संपत आलेल्या व्हिसावर ती नवऱ्याशी काही पटले नाही तर कोणाकडे दाद मागणार? वली म्हणून बापाला जो अधिकार आहे तो तिच्या हितासाठी दिलेली अमानत आहे. तिच्या वैवाहिक आयुष्याचे पहिलेच काम म्हणून तिला खोटे शिकवणे, हे त्या अमानतीत बसत नाही.

ज्यांनी पूर्वी असे केले आहे, त्यांनी हे वाचून घाबरून जाऊ नये. वली, साक्षीदार आणि ईजाब-कबूल असताना झालेला निकाह सही आहे, मुले हलाल आहेत, त्यावर कोणी बोट उचलू नये. असत्याचा गुनाह वेगळा, त्याची तौबा वेगळी. नोंदणी राहिली असेल तर ती करून पत्नीचा हक्क सुरक्षित करणे हा त्या तौबेचाच भाग समजावा. आणि जी व्यक्ती खरोखर भेटीला गेली आणि तिथे गेल्यावर स्थळ ठरले, तिने काही लपवलेले नाही. तिने परत यावे, खरे सांगून अर्ज करावा आणि वाट पाहावी.

वाट पाहणे जड जाते, हे खरे. परंतु निकाहसाठी दोघांनी एका देशात असायलाच हवे अशी शरीयतची अट नाही. उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे हबीबा (रजि.) हबशात विधवा झाल्या होत्या. प्रेषित (स.) मदीनेत होते. निकाह हबशात झाला, हजरत खालिद बिन सईद (रजि.) यांनी उम्मे हबीबा यांच्या वतीने काम पाहिले आणि महर बादशहा नजाशीने स्वतःकडून दिला. समुद्र ओलांडून मदीनेला पोहोचणे त्यानंतर झाले.

उरला त्या रकान्याचा प्रश्न. मुलगी भारतात निकाह करून जाणार असेल तर पत्नी म्हणून अर्ज करावा. निकाह तिथे करून तिथेच राहायचे असेल तर वाग्दत्त वधूचा अर्ज आहे. निकाहनंतर परत यायचे असेल तर विवाहासाठी येणाऱ्या पाहुण्यांचा. तिन्हींत उद्देश लपवावा लागत नाही. कोणता अर्ज योग्य, हे परवानाधारक वकिलाकडून समजून घ्यावे, एजंटकडून नव्हे. आणि सही करण्यापूर्वी तो पूर्ण अर्ज मुलीला तिच्या भाषेत वाचून दाखवावा.